चिरलेलं घुंगरू ऐकणारा माणूस

पहिल्याच भेटीत मी उस्तादांच्या दुकानातला एक स्पीकर बटण समजून दाबला.

नाण्याएवढा होता तो. मधोमध काळ्या रेशमी कापडाचा फुगवटा, काउंटरवर एकटाच ठेवलेला. आता गोल, फुगीर, मऊ वस्तू समोर दिसली की माणूस दाबणारच. निदान मी तरी दाबतो. फुगवटा पुक् करून आत गेला तो गेलाच. मी इकडंतिकडं बघत बोट खिशात घातलं, जसं काही ते बोट दुसऱ्याच कुणाचं होतं.

"वाजली का बेल?" मागून आवाज आला.

वळून बघतो तर साठीच्या पुढचा एक काटकुळा माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा तोडला, फुगवट्यावर अलगद टेकवला आणि जखमेवरची पट्टी सोडवावी तसा हळूहळू ओढला. फुगवटा वर आला.

"कापडाचा हाय म्हणून वाचला," ते म्हणाले. "अन् तुमीबी. बसा आता. बसताना बघून बसा, खुर्चीवरबी एक हाय."

खरंच होता.

धाराशिवात तुळजापूर रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. गाव त्यांना उस्ताद म्हणायचं. गाड्यांमधले आवाज लावून द्यायचा त्यांचा धंदा. 'लावणं' हा त्यांचा शब्द. "गाडीत स्पीकर कुणीबी बसवतं," ते म्हणायचे, "तंबोरा कुणीबी विकत घेतंय की. लावतो कोण, ते सांगा." मी तेव्हा नुकतीच जुनी गाडी घेतली होती आणि तिच्यातला आवाज सतरंजीखाली कोंडलेल्या माणसासारखा यायचा. मी कचेरीतला कारकून. माझा स्वतःचा आवाज साहेबांपुढं तसाच येतो, पण गाडीचा तरी मोकळा असावा, एवढीच इच्छा.

कानातल्या कापसाचं मी पुढं कधीतरी विचारलं. ते म्हणाले, "सोनार सोनं उघड्यावर ठेवतो का?" काम सुरू करायचं असलं तरच बोळे निघायचे. एसटीत बोळे, बाजारात बोळे, लग्नाच्या वरातीत तर बोळ्यांवरून मफलर. आणि काम फक्त सकाळी दहापर्यंत. त्यानंतर कितीही मोठी गाडी येऊ द्या, कितीही मोठा माणूस येऊ द्या, उत्तर एकच: "आता कान शिळा झाला. उद्या या."

एकदा एका पुढाऱ्याची गाडी साडेअकराला आली. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांना लगेच निघायचंय. उस्ताद म्हणाले, "निघा की. मी कुठं अडवलंय?"

माझ्या गाडीच्या वेळी त्यांनी मला आधी चालकाच्या जागेवर बसवलं, काचा वर केल्या, दार लावलं आणि बाहेरून बोटानं ओठ मिटायची खूण केली. पाच मिनिटं काहीच वाजवायचं नाही. वैशाखातली सकाळ. मी आत उकडलेल्या बटाट्यासारखा बसलो होतो. दार उघडून त्यांनी विचारलं, "काय ऐकलं?"

"काहीच नाही."

"पंखा ऐकला न्हाय? ट्रकचा हॉर्न? तुमचं पट्ट्याचं बक्कल सीटवर घासतंय, ते?" त्यांनी मान हलवली. "एवढा पसारा आधीच हाय गाडीत. त्यात आपल्याला गाणं बसवायचंय. आधी पसारा तर बघून घ्या."

मग त्यांनी खिशातून सुतळी काढली. गाठी मारलेली. एक टोक माझ्या नाकाशी धरून दुसरं त्यांनी प्रत्येक स्पीकरपर्यंत नेलं आणि मोजत गेले. जवळच्या स्पीकरचा आवाज कानाला आधी पोचतो, लांबच्याचा मागून, म्हणून जवळच्याला थोडं थांबवून धरायचं, असं त्यांचं म्हणणं. "म्हंजे सगळे एकदम घरात शिरतेत. न्हायतर पंगतीत कसं, एकाचं जेवण होतं तेव्हा दुसऱ्याच्या पानावर मीठ." पण हे गणित एकाच डोक्यासाठी जमतं. त्यांनी विचारलं, "गाडी कुणासाठी लावायची? तुमच्यासाठी का शेजारी बसतील त्यांच्यासाठी?"

"दोघांसाठी," मी म्हणालो.

"दोघांसाठी म्हंजे कुणासाठीच न्हाय."

मी अर्थातच माझी जागा निवडली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता गाणं. मी मोठ्या उमेदीनं मोबाईलमधलं एक गाणं लावलं, मेहुण्यानं पाठवलेलं. उस्तादांनी दहा सेकंद ऐकलं. तोंड असं केलं, जसं काही कुणीतरी त्यांच्या चहात मीठ घातलंय.

"हे किती जणांनी चघळून तुमच्याकडं आलंय?"

"मेहुण्याकडून आलंय."

"अन् मेव्हण्याकडं कुठून? चिपाड चावायचं अन् ऊस गोड न्हाय म्हणायचं, त्यातला प्रकार झाला ह्यो. चिपाडावर गाडी लागत नसती, साहेब."

त्यांनी फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यांचं खरं भांडवल ते. त्यात चारच रेकॉर्डिंगं होती, चारही त्यांनी स्वतः, मागून आणलेल्या चांगल्या माइकवर केलेली. एकात त्यांचा जिल्ह्यातल्याच वाशीचा भाऊ नुसता मोंढ्यातले भाव वाचत होता: सोयाबीन, तूर, हरभरा. एकात शेतात उभं राहून वाजवलेली हलगी. एकात एकतारी. आणि चौथं पैंजणांचं. लोक परदेशी गाण्यांच्या महागड्या सीडी आणून द्यायचे, हे परत करायचे. म्हणायचे, "ते गाणं खोलीत कसं वाजलं ते गाणाऱ्याला ठावं. मी तिथं नव्हतो. मग तुमच्या गाडीत ते खरं वाजतंय का खोटं, कुणाला विचारू? हलगी म्या चार हातांवर उभा राहून ऐकलीय. भावाचा आवाज साठ वर्षं ऐकतोय. हे माझ्याशी खोटं बोलू शकत न्हाईत."

आवाजाचेही त्यांनी तीनच भाग केले होते. खालचा तो तळ, मधला तो माणूस, वरचा बारीक ती कडा. हलगीवर तळ लावायचा, भावावर माणूस, एकतारीवर तिघांची मोट. आणि शेवटी पैंजण, कडेसाठी. फरसबंद अंगणातून एक बाई डावीकडून उजवीकडं चालत जाते, बस्स. चौदा पावलं. त्या पैंजणांत डाव्या पायातलं एक घुंगरू चिरलेलं होतं. डावं पाऊल पडलं की बाकीच्यांच्या मागून ते 'छस्' करायचं, केस तुटल्याएवढं. "ते ऐकू आलं की गाडी झाली," उस्ताद म्हणायचे. मग डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून, गिऱ्हाइकाला विचारायचे, "आलं का?"

मला ते त्या दिवशी आलं. काचेवर, माझ्या नजरेसमोरून एक बाई चालत गेली. मी उगीच पाय आवरून घेतले, तिला वाट द्यायला.

ती बाई म्हणजे काकू, उस्तादांची बायको. दुकानामागंच घर. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "काकू, आत्ताच तुम्हाला गाडीतून जाताना बघितलं."

"बघितलं असंल," त्या म्हणाल्या. "दुखरे गुडघे घेऊन रोज दहा गाड्यांतून चालवतेत मला. घरात चालले तर म्हणतेत, पाय वाजवू नको, काम चाललंय."

उस्ताद खोखो हसले. त्या दोघांचं हे रोजचं असावं.

त्यांच्याकडं मशीन नव्हतं. एकदा सोलापूरहून एक विक्रेता मोजायचा माइक घेऊन आला होता. गाडीत ठेवायचा, मोबाईलवर आवाजाचा आलेख दिसतो. कुठं उंचवटा, कुठं खड्डा, सगळं. उस्तादांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "हे सांगतं किती हाय. कसं हाय ते सांगत न्हाय. तुझ्या आईनं हाक मारली तर हे काय दाखवंल, डोंगर?"

ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल! मला माणसं सांगायची खोड आहे. कुणाकडं जेवायला गेलो की भाजीच्या आधी माझी गोष्ट वाढली जाते. उस्ताद तर माझ्या ठेवणीतले. कापूस, शिळा कान, चिपाड. लोक हसायचे, आणि माझ्या गोष्टींमुळं दोन-चार गिऱ्हाइकंही त्यांच्याकडं गेली असतील. ह्याची मला ऐट होती.

मग मी गाडी बदलली. ही जरा बरी होती, आणि ह्या वेळी मी बायकोला म्हणालो, "ही तुझ्या जागेसाठी लावू." लग्नाला पंचवीस वर्षं होत आली की माणसाला असं काहीतरी सुचतं. आम्ही दोघं सकाळी आठलाच उस्तादांकडं गेलो. त्यांनी तिच्या नाकाशी सुतळी धरली, ती हसली. हलगी झाली, भाव वाचून झाले, एकतारी झाली. मी मागच्या सीटवर होतो. माझं काम नव्हतं, म्हणून खिडकीतून रस्त्यावरची माणसं बघत बसलो.

पैंजण लागले. उस्ताद चालकाच्या जागेवर, मान तिच्या बाजूला झुकवून. "आलं का, ताई?"

"आलं, काका."

त्यांनी कडा वाढवली. परत लावलं. "आता?"

"आलं की."

परत वाढवली. आता मला मागंही दात शिवशिवल्यासारखं झालं. आरशात बघितलं तर बायकोनं पदर कानाशी धरला होता, डोकं दुखत असल्यासारखा.

"मला न्हाय आलं अजून," उस्ताद पुटपुटले, आणि त्यांचा हात पुन्हा पुढं गेला.

"काका," ती म्हणाली, अगदी हळू, "खरंच आलं हो. इतकं छान आलं की आता नका हलवू."

ते थांबले. तिच्याकडं बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "बरं. तुमी म्हणता तर झाली."

परत येताना मी बातम्या लावल्या. निवेदिका करवतीनं पत्रा कापत बोलत होती. मी आवाज बंद केला. बायको म्हणाली, "त्यांना वरचं ऐकू येत नाही आता. घुंगरू येत नाही म्हणून वाढवत बसतात. सगळ्या गाड्या अशाच करत असतील." मग घराच्या वळणावर, "हे कुणाला सांगू नका. कान गेला म्हटलं की त्यांचं काय राहील?"

"मी कशाला सांगतोय?" मी म्हणालो.

सतरा दिवस नाही सांगितलं. अठराव्या दिवशी मुरुम गावी पाहुण्यांत साखरपुडा होता. मांडवात बायका एकीकडं, आम्ही पुरुष एकीकडं. जेवणाला वेळ होता, आणि कुणीतरी म्हणालं, "अहो, तुमचे ते कापूसवाले उस्ताद काय म्हणतात?"

मी सांगितलं. नुसतं सांगितलं असतं तरी एक वेळ. मी करून दाखवलं. डोळे मिटले, मान टाकली, हात कडेच्या बटणावर. "आलं का, ताई? आता आलं का? मला न्हाय आलं अजून!" आणि दुसऱ्या बाजूला पदर कानाशी धरलेली बाई. मांडव हसला. एका म्हाताऱ्यांना ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं. इतकं हशाचं पीक मला त्याआधी कधी आलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्यात धाराशिवचे दोघे होते, भाड्याच्या गाड्या चालवणारे. मला ते माहीत होतं. मी त्यांच्याकडंच बघून सांगत होतो, कारण ते सगळ्यांत जास्त हसत होते.

पंधरा दिवसांत गोष्ट गावभर झाली. रिक्षावाले शेडवरून जाताना वेग कमी करून ओरडायचे, "उस्ताद, आलं का?" कॉलेजची पोरं मोटारसायकलवरून, "आलं काऽ?" गाड्या यायच्या कमी झाल्या. ज्यांनी आधी लावून नेल्या होत्या तेही परत आले, आवाज टोचतो म्हणून. टोचत होताच, पण इतके दिवस त्यांना वाटलं होतं की तो असाच असतो.

एका सकाळी मी सगळं कबूल करायचं ठरवून गेलो. कचेरीत उशिराचा अर्ज टाकून. वाक्यसुद्धा तयार होतं: उस्ताद, ते मी सांगितलं. पाच शब्दसुद्धा नाहीत.

शेडमध्ये एकही गाडी नव्हती. टेबलावर एक नवा माइक होता, मोजायचा, शेजारी मोबाईल.

"घेतला," ते म्हणाले. "आता कडा हा ऐकतो अन् मी बघतो." त्यांनी मोबाईलवर आलेख दाखवला. बोट वरच्या टोकाला नेलं, तिथं रेघ खाली उतरत होती. "हितं घुंगरू हाय म्हणं."

तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली, "उस्ताद, आलं का?" ते ऐकून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि थोडं हसले. "हे येतं बघा मला. माणूस अजून चांगला ऐकू येतो. कडाच गेली तेवढी. तरुणपणी लग्नात लाऊडस्पीकर लावायचो, कर्ण्याखालीच झोपायचो. त्याचं हाय हे."

मी तोंड उघडलं. तेच पुढं बोलले.

"एक सांगू का, साहेब? त्या दिवशी गाडीत आपण तिघंच. तुमी तर खिडकीतून रस्ता बघत हुता, तुमाला काय पत्ता न्हाय. कळलं ते ताईंना. अन् त्यांनी मला लई सांभाळून घेतलं तवा, ते मी इसरणार न्हाय. पण बोलणं हाय, निघालं असंल कुठं बायकांत. त्यांना म्हणावं, उस्तादाच्या मनात राग न्हाय."

वाक्य माझ्या जिभेवर होतं. काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी ते ऐकलं होतं, कारण त्यांनी कप टेबलावर ठेवला तो जरा जोरात. मी कप उचलला. प्यायलो. आलं घातलेला, चांगला चहा होता. तो चांगला होता हे मला अजून आठवतं, ह्याचीच मला जास्त लाज वाटते. मग मी म्हणालो, "सांगतो तिला," आणि निघालो.

तिला काय सांगणार होतो?

पुढं एकदा बायको बाजारातून भाजी घेऊन आली. म्हणाली, "काकू दिसल्या होत्या. मी हाक मारली, त्या बघून न बघितल्यासारखं करून गेल्या. माझं काही चुकलं का हो?"

"चष्मा बदलला असेल," मी म्हणालो.

तिला ते पटलं नाही. संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन गेली, तर शेडला कुलूप. उस्ताद सगळं विकून वाशीला भावाकडं राहायला गेले होते. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, जाताना माइकसुद्धा देऊन टाकला, डबा तेवढा नेला. मी मनात म्हणायचो, एकदा वाशीला जाऊ. वाशी काही काशी नाही. सकाळी निघालं तर जेवायला परत. पण गेल्या सहा वर्षांत मी तीनदा कोल्हापूरला गेलो, दोनदा नांदेडला, आणि वाशीला एकदाही नाही.

गेलो ते ह्या हिवाळ्यात, उस्ताद वारल्याचं कळल्यावर. रविवारी दुपारी आम्ही दोघं त्यांच्या भावाच्या घरी पोचलो. ओसरीवर सतरंजी होती. भाऊ बोलायला लागले आणि मी दचकलो. सोयाबीन, तूर, हरभरा वाचणारा तोच आवाज. ते म्हणाले, शेवटी शेवटी उस्तादांना मधलंही कमी ऐकू यायचं, पण सकाळी उठून डबा उघडायचे आणि आवाज न लावता नुसते बसायचे.

उठताना बायको आत काकूंना भेटायला गेली. मी दाराशीच होतो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायकोनं त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो राहू दिला, पण म्हणाल्या, "त्यांनी तुमाला माफ केलं हुतं, ताई. मी सांगते खरं, मला अजून न्हाय जमलं."

बायकोला काही कळलं नाही. सुतकाच्या घरात माणूस विचारतही नाही. तिनं नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

गावाबाहेर रस्त्याला लागलो तेव्हा ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "कशाबद्दल माफ केलं मला?"

मी गाडी बाजूला घेतली. उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक जात होते, प्रत्येक ट्रॉलीला गाडी हलायची. मी सांगितलं. मुरुमचं, नकलेचं, शेडमधल्या चहाचं, 'सांगतो तिला'चं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट इतकी वाईट सांगितली असेन. दोनदा मागं जावं लागलं.

ती समोर बघत होती. "मांडवात हसले का लोक?" तिनं विचारलं.

"हसले."

"लई?"

"लई."

तिनं पदर सारखा केला. ट्रॅक्टर गेले, रस्ता मोकळा झाला.

"गाडी वळवा," ती म्हणाली. "मी आत येणार नाही, गाडीतच बसते. तुम्ही जा, काकूंच्या समोर बसा आणि सांगा. आणि हे बघा, ह्या वेळी कुणाला हसवू नका."